प्रकल्प नोंदी : देवलापारचा पट्टिताश्म आणि खोल कवचातील विद्युत संवाहकता

१९ जानेवारी

सातपुड्याखालच्या भूकवचात विद्युत प्रवाह तुलनेने सहज वाहून नेणारे भाग आहेत, हे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने नर्मदा-सोन पट्ट्यात केलेल्या मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षणांतून फार पूर्वीच पुढे आले आहे. या पद्धतीत जमिनीत काही सोडावे लागत नाही. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात नैसर्गिकरीत्या होणारे चढउतार आणि त्यांमुळे जमिनीत उत्पन्न होणारे विद्युत क्षेत्र एकाच वेळी मोजले जाते आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून खालच्या खडकांची रोधकता, म्हणजे विजेला होणारा त्यांचा विरोध, काढली जाते. चढउतार जितका संथ, तितका तो खोल पोहोचतो. रोधकता १०० ओहम-मीटर धरली, तर १०० सेकंदांच्या आवर्तकाळाचा तरंग सुमारे ५० किलोमीटर खोलीपर्यंतची माहिती देतो. म्हणजे भूपृष्ठावर बसून संपूर्ण कवचाचा ठाव घेता येतो.

परंतु या पद्धतीने मिळतो तो एक आकडा, खडक मिळत नाही. त्या आकड्यामागे कोणता खडक आहे, तो कोरडा आहे की ओला, त्यात ग्रॅफाइट, म्हणजे वीज सहज वाहून नेणारे कार्बनचे रूप, आहे की नाही, हे सांगायचे असेल तर तेथे असू शकणारे खडक प्रयोगशाळेत तितक्याच तापमानाला आणि दाबाला ठेवून त्यांची संवाहकता मोजण्यावाचून गत्यंतर नाही. नागपूरच्या उत्तरेला, मनसर-रामटेक-देवलापारच्या बाजूला, सौसर गट या प्राचीन खडकसमूहाचे आणि तिरोडी पट्टिताश्माचे (पट्टिताश्म म्हणजे नाइस, खनिजांचे पट्टे असलेला रूपांतरित खडक) खडक उघडे पडलेले आहेत. एके काळी खोल गाडले जाऊन तापलेले आणि दाबले गेलेले हे खडक आज महामार्गाच्या कडेला हाताशी आहेत. त्यांच्यावरच काम करायचे, असे सरांशी बोलून ठरले.

२७ जानेवारी

देवलापारला जाऊन आलो. भूविज्ञानाच्या दृष्टीने ही जुनी प्रसिद्ध जागा आहे. नागपूर जिल्ह्यातील प्राचीन खडकांत नॅप संरचना, म्हणजे खडकांच्या प्रचंड घड्या एकमेकांवर सरकून बसलेल्या आहेत, असे भूवैज्ञानिक वेस्ट यांनी १९३६ साली मांडले ते याच परिसराच्या अभ्यासावरून.

नमुने वनहद्दीत न शिरता रस्त्यासाठी फोडलेल्या कापणीतून घेतले. वरचा तांबूस, भुसभुशीत थर हातोड्याने काढून आतला करडा खडक लागेपर्यंत खोदावे लागले, कारण हवामानाने कुजलेल्या फेल्स्पार या खनिजामध्ये चिकणमाती तयार होते, ती पाणी धरून ठेवते आणि संवाहकतेच्या मोजणीत हे पाणीच सर्वांत आधी बोलू लागते. खडकात बायोटाइटचे, म्हणजे काळ्या अभ्रकाचे, काडेपेटीच्या काडीएवढ्या जाडीचे पट्टे आणि त्यांच्या मध्ये क्वॉर्ट्झ-फेल्स्पारचे पांढुरके पट्टे स्पष्ट दिसतात. प्रत्येक तुकडा सुटा करण्यापूर्वी पट्ट्यांची दिशा आणि कल होकायंत्राने मोजून दगडावरच खुणा केल्या, कारण पुढे पट्ट्यांना समांतर आणि पट्ट्यांना लंब अशा दोन्ही दिशांनी दंडगोल कापायचे आहेत. त्याच कापणीत अँफिबोलाइट या दुसऱ्या रूपांतरित खडकाचा एक गडद पट्टा होता, त्याचेही तुकडे घेतले.

परतताना मनसरला थांबलो, पण तेथील खडक या मोजणीसाठी उचलले नाहीत. मनसरच्या सुभाजेत, म्हणजे पापुद्र्यांच्या शिस्ट खडकात, मँगॅनीजचे खनिज आणि गोंडाइट आहे. क्वॉर्ट्झ आणि मँगॅनीजयुक्त गार्नेट यांच्या या खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी १९०९ साली गोंड लोकांवरून हे नाव दिले. तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ब्राउनाइटसारखी मँगॅनीजची खनिजे क्वॉर्ट्झ-फेल्स्पारच्या तुलनेत विजेला पुष्कळच वाट देतात. अशी एखादी शीर नमुन्यात आली, तर जो आकडा मिळेल तो त्या शिरेचा असेल, पट्टिताश्माचा नव्हे.

१६ फेब्रुवारी

दंडगोल कापण्याचे काम हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात झाले. ६ मिलिमीटर व्यासाचा आणि ६ मिलिमीटर लांबीचा दंडगोल पट्टिताश्मातून काढणे कठीण जाते. पट्ट्यांना लंब कापताना बायोटाइटच्या पट्ट्यावर तो हमखास तुटतो. तेथील काकांनी फिरकीचा वेग कमी करून, तेलाऐवजी फक्त पाणी वापरून काम पार पाडले. तेल वापरायचे नाही हा आग्रह आमचा होता. तेलातील कार्बन भेगांत शिरला आणि पुढे तापवताना जळून त्याचा थर बसला, तर तोच वीज वाहू लागेल.

या आकाराच्या नमुन्यासाठी लांबी भागिले क्षेत्रफळ हे गुणोत्तर सुमारे २१२ प्रति मीटर येते. त्यावरून नमुन्याचा रोध १० लाख ओहम भरला, तर संवाहकता सुमारे ०.०००२ सिमेन्स प्रति मीटर ठरते. हा आकडा टेबलासमोर लिहून लावला आहे, म्हणजे मोजणी चालू असतानाच तिचे गांभीर्य कळेल.

५ मार्च

मोजणी एकदिश प्रवाहाने करायची नाही. खडकात प्रवाह आयनांनी वाहत असेल, तर एकदिश विद्युत दाबाखाली ते आयन इलेक्ट्रोडपाशी साचतात आणि रोध वाढत जातो. खडक बदललेला नसतो, फक्त त्याच्या टोकाला गर्दी झालेली असते. म्हणून ०.१ हर्ट्झपासून १० लाख हर्ट्झपर्यंत वारंवारता बदलत प्रत्यावर्ती प्रवाहाने संरोध, म्हणजे अशा प्रवाहाला होणारा एकूण विरोध, मोजायचा आणि त्याचे दोन घटक एकमेकांसमोर मांडायचे. उच्च वारंवारतेला जे अर्धवर्तुळ उमटते ते खनिजकणांच्या अंतर्भागाचे, नंतरचे कणांच्या सीमांचे आणि शेवटची तिरकी शेपटी इलेक्ट्रोडची. प्रत्यक्षात पहिली दोन अर्धवर्तुळे पुष्कळदा एकमेकांत मिसळलेली असतात आणि ती सोडवताना निर्णयशक्ती लागते. अर्धवर्तुळ आडव्या अक्षाला जेथे येऊन मिळते, तेथे नमुन्याचा रोध वाचायचा.

२१ मार्च

दाबयंत्र आमच्याकडे नाही. ते वर्षाच्या उत्तरार्धात दुसऱ्या एका प्रयोगशाळेत मिळणार आहे. तोपर्यंत साध्या वातावरणीय दाबाला नळीच्या भट्टीत मोजणी करायची, यावर बरीच चर्चा झाली. काहींच्या मते ती व्यर्थ आहे. माझे मत वेगळे आहे. दाबाखालील आकड्याचे महत्त्व समजायचे, तर दाब नसताना काय होते ते त्याच दगडावर पाहिले पाहिजे.

तयारी म्हणून कागदावर एक हिशेब केला. संवाहकता तापमानानुसार ॲरेनियसच्या नियमाने, म्हणजे घातीय रीतीने वाढते. सक्रियण ऊर्जा, म्हणजे भाराला हलण्यासाठी ओलांडावा लागणारा ऊर्जेचा उंबरठा, ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट धरली, तर ४०० अंश सेल्सिअसवरून ६०० अंशांवर जाताना संवाहकता सुमारे २४ पट होते. आता दाब पाहू. १ गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या सुमारे दहा हजार पट दाब, जो २.८ घनतेच्या कवचात सुमारे ३६ किलोमीटर खोलीवर असतो. सक्रियण घनफळ, म्हणजे दाबाने हा उंबरठा किती बदलतो याचे माप, उणे ५ घन सेंटिमीटर प्रति मोल इतके मोठे धरले, तरी या दाबाने सक्रियण ऊर्जेत जेमतेम ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक पडतो आणि ८०० केल्विनला संवाहकता सुमारे दुप्पट होते. संपूर्ण कवचाचा भार डोक्यावर ठेवून दुप्पट, आणि २०० अंशांची ऊब देऊन २४ पट. चीनमधील गुइयांग येथील संशोधकांनी २०१८ साली पट्टिताश्मावरील जी मोजणी प्रसिद्ध केली, तिचाही निष्कर्ष हाच आहे की दाबाने संवाहकता वाढते, पण तापमानाच्या तुलनेत हा परिणाम दुबळा आहे.

मग दाबयंत्राची एवढी यातायात कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे आणि या प्रकल्पाचा खरा प्रश्न तोच आहे, असे मला वाटू लागले आहे.

९ एप्रिल

पट्टिताश्माचा पट्ट्यांना समांतर कापलेला दंडगोल मुद्दाम उघड्या हवेत तापवला. निरीक्षणे सविस्तर लिहून ठेवतो.

सुरुवातीला, १०० अंशांच्या आतच, संवाहकता अपेक्षेपेक्षा बरीच जास्त होती. ही भेगांत शोषलेल्या ओलाव्याची करामत. तापमान वाढले तसा ओलावा निघून गेला आणि संवाहकता चक्क खाली आली. तापवताना संवाहकता कमी होणे हे खनिजांच्या वागण्याविरुद्ध आहे, म्हणून हा भाग खडकाचा मानता येत नाही. त्यानंतर ती नियमाप्रमाणे वाढू लागली. ५७३ अंशांच्या आसपास रेषेचा उतार बदलला. या तापमानाला क्वॉर्ट्झ अल्फा रूपातून बीटा रूपात जातो. त्याआधीच त्याचे आकारमान झपाट्याने वाढत असते आणि शेजारच्या फेल्स्पारचे तेवढे वाढत नसते, त्यामुळे कणांच्या सीमा उकलतात. ७०० अंशांवर थांबून भट्टी थंड करू लागलो, तर परतीची रेषा जाण्याच्या रेषेवर पडली नाही. नमुना जो गेला तो परत आलाच नाही, असे म्हणावे लागते.

नळीतून बाहेर काढलेला दंडगोल पाहून खात्री पटली. काळे बायोटाइट पितळी, सोनेरी झाले होते आणि नखाने टोकरले तर पापुद्रे सुटत होते. बायोटाइट हवेत तापले की त्यातील हायड्रोजन निघून जातो आणि द्विसंयुजी लोह त्रिसंयुजी होते. बायोटाइटमध्ये विद्युत भार मुख्यतः लोहाच्या या दोन अवस्थांमध्ये उड्या मारत जातो, त्यामुळे त्यांचे प्रमाण बदलले की वहनाचा पायाच बदलतो. भिंगाखाली पांढऱ्या पट्ट्यांत केसांसारख्या भेगांचे जाळे दिसले, ते कापताना नव्हते. हा दगड आता देवलापारचा पट्टिताश्म राहिलेला नाही.

२८ मे

नवतपा चालू आहे. दुपारी प्रयोगशाळेत थांबणे अवघड असल्याने भट्टी पहाटे सुरू करतो. नियंत्रित वायूतील मोजणी पूर्ण झाली. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडचे मिश्रण वापरून ऑक्सिजन अत्यल्प ठेवला. पहिला वायू प्राणघातक असल्यामुळे धुराड्याखाली आणि धोक्याची घंटा लावूनच काम केले. बायोटाइट या वेळी पितळी झाले नाही. मात्र भेगा पडल्याच आणि परतीची रेषा वेगळीच राहिली. रसायन सांभाळता आले, यांत्रिक मोडतोड सांभाळता आली नाही.

११ जुलै

पावसाळी दमटपणामुळे कोऱ्या धारकाची, म्हणजे नमुना न ठेवता केलेली मोजणी बिघडली आहे. चिनी मातीचे भाग ओलावा धरतात आणि गळती प्रवाह नमुन्याच्या प्रवाहाशी स्पर्धा करू लागतो. सर्व भाग १२० अंशांवर सुकवून निर्जलकाच्या बरणीत ठेवले. मोजणी थांबवली आणि वेळ वाचनाला दिला.

बव्हेरियातील केटीबी विंधनविवराबद्दलची टिपणे पुन्हा वाचली. जर्मनीने रूपांतरित खडकांतून खणलेले हे विवर १९९४ पर्यंत ९,१०१ मीटर खोल गेले आणि तळाशी सुमारे २६५ अंश तापमान लागले. भूपृष्ठावरून दिसलेल्या उच्च संवाहकतेचे कारण शोधताना तेथे कर्तन पट्ट्यांत, म्हणजे खडक घासून सरकलेल्या पातळ्यांत, ग्रॅफाइट सापडले. खारे द्रवही सापडले.

यावरून केलेला हिशेब येथे नोंदवतो, कारण तो मला फार महत्त्वाचा वाटतो. खडकातील सर्व कणांना वेढणारा एखादा सलग पातळ थर असेल, तर मिश्र पदार्थाची संवाहकता जास्तीत जास्त किती असू शकते हे सांगणाऱ्या हाशिन-श्ट्रिकमन यांच्या वरच्या मर्यादेनुसार एकूण संवाहकता साधारणपणे त्या थराची संवाहकता, त्याचा घनफळातील वाटा आणि दोन-तृतीयांश यांचा गुणाकार असते. ग्रॅफाइटची संवाहकता १ लाख सिमेन्स प्रति मीटर धरली आणि त्याचा वाटा दहा लाखांत एक इतका नगण्य धरला, तर उत्तर येते ०.०६७. आता १० सिमेन्स प्रति मीटरचे खारे पाणी एक टक्का धरले, तर उत्तर येते तेच, ०.०६७. एका खडकात ग्रॅफाइट आहे हे पातळ छेदातही (सूक्ष्मदर्शकासाठी घासलेल्या खडकाच्या पातळ कापातही) दिसणार नाही, दुसऱ्यात पाणी हिशेबात धरण्याइतके आहे, आणि भूपृष्ठावरच्या उपकरणाला दोन्ही एकच भासतील. रोधकतेच्या नकाशावर "द्रव" असे लिहून मोकळे होण्यापूर्वी प्रत्येकाने हा हिशेब एकदा हाताने करून पाहावा.

आपल्याकडे दोन्ही शक्यता खुल्या आहेत. बैतूल जिल्ह्यातील टिकारी परिसरात ग्रॅफाइट मोठ्या प्रमाणावर आहे, म्हणजे याच पट्ट्याच्या खडकांत कार्बन होता हे निर्विवाद आहे. दुसरीकडे, २२ मे १९९७ च्या ५.८ तीव्रतेच्या जबलपूर भूकंपाचे नाभिस्थान सुमारे ३५ किलोमीटर खोल, कवचाच्या तळाशी होते. इतक्या खोलवर खडक ठिसूळपणे तुटतो, याचा अर्थ तेथील कवच थंड आणि बळकट असले पाहिजे किंवा द्रवाच्या दाबाने त्याचे घर्षण कमी झालेले असले पाहिजे.

२७ सप्टेंबर

दाबयंत्रावरील काम झाले. टंगस्टन कार्बाइडच्या सहा ऐरणी पायरोफिलाइटच्या घनाला सहा बाजूंनी दाबतात. पायरोफिलाइट स्वतःच जलयुक्त खनिज असल्यामुळे ते आधी भाजून घेतले होते, नाहीतर तापल्यावर त्यातून सुटलेले पाणी नमुन्यात शिरते. घनाच्या मध्यभागी धातूच्या पत्र्याची तापक नळी, तिच्या आत ॲल्युमिनाची नळी आणि तिच्या आत दोन इलेक्ट्रोडांमध्ये आपला दंडगोल. तापक ग्रॅफाइटचा घ्यायचा नाही, यावर मी अडून राहिलो. ज्या कार्बनचा शोध घ्यायचा, तोच भट्टीतून येण्याची शक्यता ठेवणे योग्य नव्हते. तापक आणि नमुना यांच्यामध्ये धातूचे पातळ वेष्टन घालून ते भूसंपर्कित केले, त्यामुळे गळती अडते.

नमुना आधी पूर्ण सुकवला होता. मुक्त पाणी उरले असते, तर ६५० अंशांच्या आसपासच ग्रॅनाइटी खनिजे वितळू लागली असती आणि मग मोजणी खडकाची न होता वितळलेल्या रसाची झाली असती.

दाब १ गिगापास्कलवर नेला. तापमान टप्प्याटप्प्याने वाढवत, प्रत्येक टप्प्यावर अर्धवर्तुळ स्थिर होईपर्यंत थांबत ७०० अंशांपर्यंत गेलो आणि तसेच परत आलो. पहिल्या चढणीत खालच्या तापमानाला थोडी तफावत होती. दुसऱ्या फेरीपासून चढण आणि उतरण एकमेकांवर पडल्या. ५७३ अंशांवरचा उतारातील बदल नाहीसा झाला. हे अपेक्षितच होते, कारण दाबामुळे क्वॉर्ट्झचे रूपांतर वरच्या तापमानाकडे सरकते, दर गिगापास्कलला सुमारे अडीचशे अंशांनी. म्हणजे या दाबाला ते ८०० अंशांच्या पलीकडे गेलेले असते आणि आम्ही तेथपर्यंत पोहोचलोच नाही. नंतर तापमान स्थिर ठेवून दाब ०.५ वरून १.५ गिगापास्कलवर नेला. संवाहकता वाढली, पण बेताचीच, मार्चमधल्या हिशेबाने सुचवली होती तशी.

घन फोडून दंडगोल बाहेर काढला तेव्हा बायोटाइट काळेच होते, तुळतुळीत.

मार्चपासून मनात असलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते मिळाले. दाब विद्युत भाराला फारसा ढकलत नाही. तो भेगा मिटवतो, क्वॉर्ट्झला त्याच्या रूपात ठेवतो आणि बायोटाइटमधील हायड्रोजन सहजासहजी निसटू देत नाही. दाबाखाली मोजायचे ते दाबाचा परिणाम पाहण्यासाठी नव्हे, तर मोजणी संपेपर्यंत तोच खडक हाती राहावा यासाठी.

१४ ऑक्टोबर

अहवालाचा मसुदा सरांना दाखवला. साध्या दाबाच्या मोजण्या गाळाव्यात का, यावर मतभेद होता. त्या ठेवाव्यात, परंतु स्वतंत्र तक्त्यात आणि "भेगाळलेला नमुना" अशा स्पष्ट शीर्षकाखाली, यावर एकमत झाले. जुन्या संदर्भांतून साध्या दाबाचे आकडे उचलून थेट खोल कवचाला लावण्याची सवय अजून गेलेली नाही, तिला यातून थोडा तरी आळा बसेल.

पट्ट्यांना समांतर संवाहकता लंब दिशेपेक्षा जास्त आहे, हे दोन्ही दंडगोलांवरून दिसते. मात्र पट्ट्यांना लंब दंडगोलाच्या एका टोकाला बायोटाइटचा जाड पट्टा आहे, त्यामुळे गुणोत्तर मांडण्याआधी दुसरा दंडगोल मोजायला हवा.

मुख्य निष्कर्षाची भाषा अशी ठरली : २५ ते ३० किलोमीटर खोलीवर संभवणाऱ्या तापमानाला कोरडा, ग्रॅफाइटविरहित पट्टिताश्म सातपुड्याखालील उच्च संवाहकता देऊ शकत नाही. गुइयांगच्या संशोधकांनीही दाबिए-सुलू या चीनमधील पट्ट्याबाबत पट्टिताश्म पुरेसा नाही असेच म्हटले आहे. "म्हणून तेथे द्रव आहे" हे वाक्य मसुद्यात होते, ते काढले. जुलैच्या हिशेबानंतर ते लिहिण्याचा आधार उरत नाही.

अँफिबोलाइटचे दंडगोल तयार आहेत. दाबयंत्राची पुढची पाळी मिळेपर्यंत टिकारीकडील ग्रॅफाइटयुक्त सुभाजेचे नमुने आणायचे आहेत. त्यांचे पातळ छेद आधी परावर्तित प्रकाशात पाहायचे, आणि ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांची टोके एकमेकांना भिडतात की मध्ये क्वॉर्ट्झ येतो, हे दोन्ही दिशांच्या छेदांत नोंदवल्याशिवाय एकही दंडगोल कापायचा नाही.